जळलेला रोल

बँकॉकच्या त्या फोटो स्टुडिओत म्हाताऱ्या लमाई आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर मायलेकींची जुंपली होती.

"अख्खा रोल जळला? एकही फोटो नाही, तुकता?"

"आजी कशी आलीय ते बघायला मी मधेच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं गं, आई. उजेड गेला आत."

लमाईंच्या काळी रोल संपेपर्यंत झाकणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"वीस हजार बाट घातलेस या प्लास्टिकच्या डबड्यात. माझं असंच होतं, ते भंगारवाल्यानं फुकटसुद्धा नेलं नाही."

"पण यानं काढलेल्या आधीच्या फोटोंत आजी हसतेय. फोन धरला की ती पडद्यावर नुसती स्वतःला न्याहाळत बसते."

"अगं, आपण गेल्यावर शवपेटीपुढे ठेवायला म्हणून काढून घेतला तिनं हा फोटो. ठेवणीतलं रेशमी नेसून उन्हात बसली बिचारी. आता कुठल्या तोंडानं सांगू तिला?"

"मघाशी फोनवर सांगितलं मी."

"मग? रडली?"

"म्हणाली, बरं झालं, पुन्हा नटायला मिळेल. रविवारी दोघी या, म्हणाली. मागच्या वेळी तू आली नव्हतीस."

आईनं पर्स उघडली.

"दोन रोल घे. आणि त्या झाकणाला आधी चिकटपट्टी लाव."