मार्थाक्कांनी पाप हा शब्द कसा शिकवला

वडगावच्या मंडळींनो, अनगोळ आणि निपाणीहून आलेल्या भावाबहिणींनो, पाळकसाहेब, आपल्या सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. आपली पोरं प्रभू येशूच्या या देवळात बसत नाहीत. गीत संपलं की बाहेर जातात आणि गाडीवर बसून मोबाईल बघतात. आपण शाळेला दोष देतो, मोबाईलला देतो, पाळकसाहेबांना तर देतोच. ही तक्रार मी याच जागेवरून कितीदा केली, आवाज चढवून केली. आज आवाज चढत नाही. समोर मार्थाक्कांचा फोटो आहे.

या बाईंची ती तक्रार कधीच नव्हती. का नव्हती? त्या गेल्यापासून मला एवढंच समजून घ्यायचं आहे. विणकरांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या आक्का. त्यांच्या शब्बाथशाळेत, रविवारच्या मुलांच्या वर्गात, पोरं वेळेआधी हजर. माझ्या भाषणात मोठी माणसं डुलक्या काढायची. हसा, हरकत नाही. आक्काही हसायच्या.

गेल्या रविवारी तो वर्ग भरला नाही. आक्कांचं घर भाड्याचं, महिनाअखेर रिकामं होईल. मग पोरांनी जायचं कुठं?

तरुणांना ठाऊक नसेल, हा वर्ग आधी या देवळातच भरायचा. तो आक्कांच्या घरी कसा गेला, हे मलाच सांगायला हवं.

माझी प्रिया तेव्हा सात वर्षांची होती. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी मुलांना विचारलं, पाप म्हणजे काय? उत्तर ठरलेलं होतं, देवाची आज्ञा मोडणं. प्रियानं हात वर केला. म्हणाली, "पाप म्हणजे माया येती ते."

सगळे हसले. पाहुण्यांना काही कळेना. तुम्हाला कळलं. आपल्या गल्लीतल्या कानडी बाया कुणाचे हाल बघून काय म्हणतात? पाप, लेकरू उपाशी आहे. पाप, म्हातारीला दिसत नाही. ऐकून ऐकून आपणही तसंच म्हणतो. पोरीनं देवळातला शब्द गल्लीतल्या अर्थानं, ‘बिचारं’ म्हणून घेतला. पुण्याच्या पोराला ही चूक जमायची नाही.

मी तेव्हा मंडळीचा चिटणीस. पापावर तासभर बोलणारा माणूस, आणि माझ्याच पोरीचं हे उत्तर. उपासना सुटल्यावर मी आक्कांना गाठलं. चूक तिथल्या तिथं का सुधारली नाही, म्हणून झाडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक हाय का न्हाय, मलाच कळंना अण्णा. जरा इचारून बघते."

आणि ही बाई खरंच विचारत फिरली. दूधवालीला, मागाच्या मालकाला, बसच्या कंडक्टरला. तुम्ही पाप कधी म्हणता? कुणाला म्हणत नाही? मी धर्मशास्त्रावरची जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. मला हा प्रश्न सुचला नाही. तुम्हाला सुचला असता?

पुढच्या रविवारी त्यांनी मुलांना सांगितलं, दोन्ही अर्थ खरे आहेत. जिथं पाप म्हणायला हवं होतं आणि कुणीच म्हटलं नाही, तिथं पाप झालं. मग एकेकाला विचारलं, असं तुम्ही कुठं बघितलं?

प्रिया उठली. आमच्याकडे भांडी घासायला यल्लव्वा यायची. तिचा चहाचा कप वेगळा होता. खिडकीत, उपडा. प्रियानं ते वर्गात सांगितलं. बाबांनी ठेवलाय म्हणाली. तिथं कुणीच पाप म्हणत न्हाय म्हणाली.

बंधूंनो, आपले आजे-पणजे या देवळात का आले? असल्याच वेगळ्या भांड्यांना विटून आले. आणि त्यांच्या नातवाच्या खिडकीत तो कप.

हे माझ्या कानावर आलं आणि मला राग आला. कपाचा नाही, आक्कांचा. मी शब्दाचं निमित्त केलं. आक्कांची शिकवण शास्त्राला धरून नाही, वर्ग देवळात भरू नये, असा ठराव कमिटीत मंजूर करून घेतला. रजिस्टरातलं अक्षर माझं आहे. आक्का भांडल्या नाहीत. त्यांनी वर्ग घरी, कांड्यांच्या ढिगाशेजारी भरवला. पोरं तिकडे गेली. प्रियाही गेली, मला न सांगता. कप मी त्याच महिन्यात काढून टाकला. तेही कुणाला सांगितलं नाही.

आक्का शेवटच्या दुखण्यात होत्या, तेव्हा मी दवाखान्यात गेलो. विचारलं, ठरावामागं कप होता हे तुम्हाला ठाऊक होतं. एका शब्दानं माझी अब्रू गेली असती. का बोलला नाहीत?

त्या म्हणाल्या, "तुमची गोष्ट हाय ती अण्णा. तुम्ही सांगशीला म्हणून वाट बघितली."

त्यांच्या हयातीत मी ती सांगितली नाही. आज सांगितली.

मग पोरं त्यांच्याकडे का बसायची? माझा अंदाज सांगतो, चुकीचाही असेल. आपण पोरांना उत्तरं देत होतो आणि पाठ झाली की गप्प बसवत होतो. आक्कांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पोरांना ते बरोबर ओळखू येतं. आणि घरात? प्रार्थनेपुरते आपण त्यांना डोळे मिटायला सांगतो. बाकी दिवसभर ती उघड्या डोळ्यांनी आपल्याकडे बघत असतात. घरातली धर्माची शाळा तेव्हाच चालू असते.

पाळकसाहेबांनी माझ्या विनंतीवरून ते रजिस्टर इथं टेबलावर आणून ठेवलं आहे. ठराव रद्द करण्याचा अर्ज त्याच पानात आहे. या रविवारपासून वर्ग घ्यायला प्रिया तयार आहे. जागा द्यायची का, हे आता तुम्ही ठरवायचं.

आपण दोन मिनिटं आक्कांसाठी उभे राहू. शांतता संपली, की वर्ग देवळात परत यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी खाली बसू नये. रांगेनं पुढं या आणि सही करा. पहिली सही मी करतो.

उभे राहा.