पाळीचा सक्षम प्राधिकारी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे सरपंच केशोरावजी. ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते ग्रामसेवक चंद्रकुमार साहेब. मंचावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या आयाबहिणी, काका, भाऊ,

साहेबांबद्दल चांगलं बोल, असं मला बजावलं आहे. बोलते. दाखल्यासाठी त्यांनी कुणाला हेलपाटे घालायला लावले नाहीत. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या प्रवेशाचे कागद त्यांनी जेवण अर्धवट टाकून करून दिले. हे मी विसरलेली नाही. राग म्हणूनच जास्त आहे.

आपल्या तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर दर उन्हाळ्याच्या शेवटी घरटी एक माणूस माती टाकायला जायचा. कुणाला विचारायची पद्धत नव्हती. साहेब आले आणि म्हणाले, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय हात लावाल तर गुन्हा दाखल होईल. आपण घाबरलो. घरी बसलो.

गेल्या पावसाळ्यात दुधराममामा कार्यालयात गेले.

"साहेब, पाळ झिरपून राहिली. माती टाकू का जी?"

"सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी आणा."

"तो कोठी बसते?"

"वर."

"वर म्हंजे देवाजवळ का?"

आता हसता आहात, तेव्हाही सगळे हसले होते. त्याच आठवड्यात पाळ फुटली आणि मनकर्णाबाईंच्या उभ्या धानावर रेती पसरली.

मी आता कायदा शिकते. सक्षम प्राधिकारी म्हणजे सगळ्यांत मोठा साहेब, असं आपण धरून चाललो. तसं नाही. ज्या कामाचा अधिकार कायद्याने ज्याला दिला, त्या कामापुरता तो सक्षम, मग तो लहानसा कर्मचारी का असेना. आणि हा अधिकार कपाटात ठेवायला देत नाहीत. हो किंवा नाही, हे त्याने सांगायचं असतं.

मी तालुक्याला जाऊन विचारलं, आमच्या पाळीचा सक्षम प्राधिकारी कोण? तिथले अधिकारी म्हणाले, "तातडीच्या दुरुस्तीचा अधिकार तुमच्या ग्रामसेवकालाच दिला आहे. त्यांना माहीत आहे की."

माहीत होतं! परत येऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, "पोरी, सही केली अन् काही झालं, तर माझ्या पेन्शनचं काय?"

मनकर्णाबाईंना कोणती पेन्शन आहे, साहेब?

भगदाड अजून तसंच आहे. मृग तोंडावर आला. तुमच्या जागी कोण येणार, कधी येणार, कुणालाच ठाऊक नाही. पण आज कार्यालय सुटेपर्यंत पदावर तुम्ही आहात. माणसं तयार आहेत, दुधराममामांनी ट्रॅक्टर सांगून ठेवला आहे. शाल-श्रीफळ मी स्वतः तुमच्या हाती देईन. त्याआधी परवानगी द्या.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, एवढं मला कळतं. कुणाचं मन दुखावलं असेल तर लहान समजून पोटात घाला. मध्येच माईक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल अध्यक्षांची आभारी आहे.

मनकर्णाबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, साहेब. हो की नाही, ते त्यांच्याकडे बघून सांगा.