पाचवा हब

(कल्याण, १९९७. उत्तमचं कॉम्प्युटर जोडणीचं दुकान. समोर उभी त्याची वहिनी, जया.)

जया : बसत नाही भावजी. कारखान्यात तुम्ही टाकलेली लाइन नीट आहे की नाही, एवढंच सांगा.

उत्तम : झालं काय पण?

जया : गोडाऊनमधनं मी मालाची एन्ट्री करते, ती ऑफिसात दिसतच नाही. मशीन मधेच अडकतं. काल चुकीचा लॉट भिवंडीला गेला. शेट म्हणाले, बाई एन्ट्री विसरते. उद्या बोलावलंय, काढूनच टाकतील.

उत्तम : कधीपासून होतंय हे?

जया : तुम्ही गोडाऊनमधला डबा बसवलात तेव्हापासून.

उत्तम : हं.

जया : हं काय?

उत्तम : तो डबा म्हणजे हब, वहिनी. ऑफिसपासून गोडाऊनपर्यंत असे एकापुढे एक लावलेत. प्रत्येकात निरोप जरा रेंगाळतो. चारपर्यंत चालतं. गोडाऊनमधला पाचवा. तिकडनं तुम्ही पाठवता, तेवढ्यात ऑफिसचं मशीनही बोलायला लागतं. एकमेकांचं ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. दोन्ही निरोप आपटतात, तुमची एन्ट्री वाटेतच जाते.

जया : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

उत्तम : शेटना बोललेलो मी. मधे एक स्विच टाका, तो निरोप धरून नव्याने पुढे पाठवतो. ते म्हणाले, आधी हबच लावून बघ.

जया : मग हेच उद्या त्यांच्यासमोर सांगा.

उत्तम : त्यांच्या अंबरनाथच्या कारखान्याचं काम मला मिळायचंय अजून. मी काय करतो, रविवारी जाऊन गुपचूप स्विच टाकतो. सोमवारपासून काही अडणार नाही.

जया : सोमवारी मी नसेन तिथे. आणि लोक म्हणतील, जया गेली आणि सगळं सुरळीत झालं.

उत्तम : तसं माझ्या मनात नव्हतं, वहिनी.

जया : शेटना तुमचं नाव मीच सुचवलेलं. माझे दीर आहेत, काम चोख करतात, म्हणून.

उत्तम : दादा काय म्हणतो?

जया : त्यांना वाटतं, मीच विसरत असेन. हल्ली मलाही तसंच वाटायला लागलेलं. प्रत्येक एन्ट्री मोठ्याने बोलून टाकायचे. बाजूच्या बायका हसायच्या.

उत्तम : शेट कधी येतात सकाळी?

जया : दहाच्या सुमाराला.

उत्तम : एकट्या आत जाऊ नका. मी गेटवर थांबतो.

जया : ते उद्या. आत्ता घरी चला, आधी तुमच्या दादाला सांगा.