जेलरबाईला शिव्या द्या हो!

...नाही, पण कौतुकालासुद्धा काही लिमिट असतं की नाही? तुम्हीच सांगा! माणसाने किती गोड बोलावं? माझं हातातलं काम जायची वेळ आली या गोड बोलण्यापायी, अख्खी चाळ उठून माझं कौतुक करतेय आणि मी गॅलरीत उभी राहून हात जोडतेय, बाबांनो, पाया पडते तुमच्या, कोणीतरी शिव्या द्या रे मला! एक द्या! छोटीशी द्या! तर नाही! 'दर्शना, काय गोड दिसलीस गं!' गोड? अहो, मी जेलर आहे! आभारी आहे, मनापासून आभारी आहे, पण गोड?

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी दर्शना परुळेकर, लालबागला तेंडोलकर चाळीत राहते, आणि तुम्ही मला टीव्हीवर शंभर वेळा बघितलंय, फक्त तुमच्या लक्षात नाही. मालिकेत लग्न असतं बघा, नवरीच्या मागे अक्षता टाकणाऱ्या बायका असतात, त्यातली डावीकडची? ती मी. हॉस्पिटलमध्ये 'डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आलाय' म्हणते ती नर्स? मीच. आणि ते वाक्यसुद्धा कापायचे हो! पेशंट आपला आपणच शुद्धीवर यायचा. अशी सगळी उमर गेली, आणि आता कुठे, देवाच्या कृपेने, 'सातवी बराक' मिळाली. बायकांच्या तुरुंगावरची मालिका, आणि त्यात मी जेलर. मैना सरनोबत! नाव असलेला रोल! नाव काय, आडनावसुद्धा! मी तर घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पण आमचे डायरेक्टर, स्वप्नील सर, माणूस चांगला, वयाने माझ्या भाच्याएवढा, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. 'ताई, एक क्लिअर करतो. पहिला एपिसोड लागला की चॅनलवाले बघणार, लोक काय म्हणतात. लोकांनी जेलरला शिव्या घातल्या तर तुम्ही वर्षभर इथेच. नाही घातल्या, तर मैना सरनोबतची बदली.' आता टीव्हीत बदली म्हणजे काय, माहितीये ना? एका वाक्यात माणूस जातो! 'जुन्या जेलरबाईंची बदली झाली' म्हणायचं, की आली दुसरी बाई माझ्या युनिफॉर्ममध्ये, आणि मी परत अक्षता टाकायला डावीकडे.

बरं, सीन कसला दिला होता? नवीन पोरगी तुरुंगात येते, रडत असते, एक म्हातारी कैदी आपल्या वाटणीची भाकरी तिच्यापुढे सरकवते, आणि मी यायचं, बूट वाजवत, आणि त्या भाकरीला लाथ मारायची. झालं! एवढंच! पण तुम्हाला सांगते, पहिल्या टेकला मी आले, काय रुबाबात आले, मारली लाथ... आणि खाली वाकून भाकरीला हात लावला आणि कपाळाला लावला! अहो, सवय! चुकून वहीला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, ही तर भाकरी! 'कट कट कट! ताई, काय करताय?' 'सॉरी सर.' परत टेक, परत लाथ, परत नमस्कार! तिसऱ्याला कॅमेरामन हसून हसून खाली बसला. सर म्हणाले, 'ताई, हवे तेवढे नमस्कार करा, हवं तर आरती करा तिची, पण मी कट म्हटल्यावर! प्लीज!' शेवटी कसेबसे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले, लोकांना वाटलं काय जरब आहे बाईची, आणि कट झाल्याबरोबर जमिनीवर बसून भाकरीची माफी मागितली. खरी होती हो भाकरी, ज्वारीची.

मग तो पहिला एपिसोड. चाळीने काय केलं असेल? गणपतीत लावतात तो मोठा पडदा चौकात लावला. खुर्च्या, स्पीकर, बटाटेवडे. आमचे कमलाकांत तात्या, म्हणजे चाळीतले सगळ्यात जुने, देवगडचे, त्यांनी पडद्यापुढे नारळ फोडला. आमचे हे, रघु, माझगावला गोदीत कामाला, ते सुट्टी टाकून इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत. बाजूला आमच्या सासूबाई, लक्ष्मीबाई, मी आई म्हणते. साडेआठ वाजले, मालिका लागली, मी पडद्यावर आले, आणि काय तो आरडाओरडा! 'ती बघ, ती बघ, दर्शना!' 'बारीक दिसतेस गं!' 'युनिफॉर्म काय फिट बसलाय!' 'लिपस्टिक जेलमध्ये चालते काय गो?' डायलॉग कोण ऐकतोय? आणि मी त्या भाकरीला लाथ मारली, तर शिट्ट्या! टाळ्या! आमच्या ह्यांनी तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, लग्नातसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता माणसाला. आभारी आहे, मनापासून आभारी आहे, पण अहो, तिथे चिडायचं होतं!

फक्त आई उठल्या. पदर सावरला आणि खोलीत गेल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. पण नंतर मी आशीर्वाद घ्यायला वाकले तर पाय मागे घेतले हो!

पण त्याचा विचार करायला वेळ कुणाला? शेजारची श्रेया, बँकेत आहे, हुशार पोरगी, तिने घोषणा केली. 'काकी, चॅनलच्या पेजवर लोक तुम्हाला वाट्टेल ते बोलायला लागलेत! एक बाई म्हणते, हिला फटकावलं पाहिजे! काळजी नको, आपली चाळ आहे ना!' आणि चाळ लागली कामाला. तुम्हाला सांगते, निवडणुकीला एवढा प्रचार केला नसेल. खालच्या माळ्यापासून वरच्या माळ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातात मोबाईल, ज्यांना टाईप करता येत नाही त्यांचं श्रेया करून देतेय. 'जेलर मॅडम स्वभावाने अतिशय प्रेमळ आहेत.' 'यांच्या हातचे घावणे खाऊन बघा.' 'कृपया दर्शनाताईंना बोलू नये, त्या आमच्या शेजारी आहेत.' एकाने तर मंगळागौरीतला माझा फुगडीचा फोटो टाकला! जेलरचा! फुगडी घालताना! आणि ज्या बिचाऱ्या अनोळखी बाया मला प्रेमाने शिव्या घालायला आल्या होत्या, त्या हे वाचून माघार घेऊन गेल्या. 'अरेरे, सॉरी हां ताई, गैरसमज झाला.' माघार काय घेता? घाला ना शिव्या!

दुसऱ्या दिवशी स्वप्नील सरांचा फोन. 'ताई, प्रॉब्लेम झालाय. चॅनलवाले म्हणतात, लोकांना जेलर आवडतेय. कोणी घाबरतच नाहीये. घावण्याची रेसिपी विचारतायत! ताई, घावणे कुठून आले आपल्या मालिकेत?' मी काय सांगू? मग सरच आवाज खाली आणून म्हणाले, 'दोन दिवस बघू म्हणतायत. नाहीतर बदली.'

मी फोन ठेवला. रडू नाही आलं, राग आला, आणि राग तरी कुणावर काढू? ज्यांनी माझ्यासाठी चौकात पडदा लावला त्यांच्यावर? गॅलरीत गेले आणि सांगून टाकलं सगळं. लोकहो, असं असं आहे, मला शिव्या घाला, नाहीतर माझं काम जातं! मग सगळ्यांना एवढं वाईट वाटलं की विचारू नका, आणि बसले ना शिव्या लिहायला! काय लिहिलं? 'दर्शनाताई दुष्ट आहेत, पण कामापुरत्याच.' 'जेलरचा निषेध, तब्येतीला जपा.' एक वहिनी म्हणाल्या, 'मी नालायक लिहिलं होतं गं, पण मग तुझा चेहरा डोळ्यासमोर आला, पुसून टाकलं.' आता ह्या माणसांवर काय रागवायचं? आभारी आहे, मनापासून आभारी आहे, पण शिवी म्हणून उपयोग शून्य!

शेवटी तात्या म्हणाले, 'आता माणसांचा काम नाय. गाऱ्हाणा घालूक होया.' गाऱ्हाणं म्हणजे आमच्या कोकणातलं, सगळ्यांनी जमायचं, एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पावसासाठी घालतात, लग्न जमावं म्हणून घालतात. माणसाला शिव्या पडाव्यात म्हणून घातलेलं कधी ऐकलंय? आम्ही घातलं! संध्याकाळी, चौकात, नारळ घेऊन. श्रेया म्हणाली, 'मी लाईव्ह करते, सगळ्यांना दिसू दे', आणि मोबाईल धरून उभी राहिली.

तात्यांनी डोळे मिटले, आवाज लावला. 'बा देवा म्हाराजा! आज ही तेंडोलकर चाळीतली लेकरा नारळ घेवन तुज्या पायाकडे इली हत रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' 'आमची दर्शना टीव्हीत जेलर झाली हा, तिच्या कामाक यश दी रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' 'घराघरातसून तिका गाळी पडांदेत रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' 'जो कोण तिका गोड म्हणात, तेच्या मोबाईलची बॅटरी उतरांदे रे म्हाराजा!' 'व्हय म्हाराजा!' आणि मी मध्ये हात जोडून उभी, मी पण 'व्हय म्हाराजा' म्हणतेय! स्वतःला शिव्या पडाव्यात म्हणून!

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज आला.

'रे कमळाकांता, देवाक कित्याक तरास देतंस? माका इचार! माका येता तिचो राग!'

आई! आदल्या दिवसापासून तोंडातून शब्द नव्हता, आणि आता कठड्याला धरून उभ्या, आणि जी तोंडाची तोफ सुटली... 'गे सरनोबतणी! भाकरेक लाथ मारतंस? भाकरेक? हातापायाची बोटा झडतली तुजी! अन्न अन्न करत दारोदार फिरतलंस! गिरणीच्या संपात ह्याच चाळीत एक भाकरी चार खोल्यांनी वाटून खाल्ली, ठाऊक आसा? कमळाकांताच्या आवशीन आपल्या तोंडातलो घास काढून माज्या झिलाक भरवल्यान! आणि तू बूट घालून लाथ मारतंस? तुज्या त्या बुटाक आग लागो!'

तो झील, तो मुलगा म्हणजे कोण? आमचे हे! खाली मान घालून उभे. तात्यांचा नारळ तसाच दोन्ही हातांत, आपल्या आईचं नाव एवढ्या वर्षांनी असं चारचौघात ऐकलं त्यांनी, डोळे पुसायलासुद्धा हात मोकळा नाही. मग पलीकडच्या खोलीतली म्हातारी बाहेर आली. 'खरा आसा गो लक्ष्मी!' आणि तिनेही दोन हाणल्या. मग खालची. मग टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या बायका! ज्यांना काल युनिफॉर्म फिट दिसत होता, त्यांना आज भाकरी दिसली. आणि मी? मला रडू फुटत होतं, भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जन्मात पहिल्यांदा माझं काम कुणाच्या तरी काळजाला जाऊन लागलं होतं, आणि तेही माझ्या घरात!

आणि श्रेयाचा मोबाईल चालूच होता! लोक बघत होते, परळहून, डिलाईल रोडवरून, कुठून कुठून. कुणाच्या घरी संपात चूल पेटली नव्हती, कुणाच्या आईने उपाशी राहून पोरांना वाढलं होतं, सगळं बाहेर आलं, आणि सगळ्याचं बिल मैना सरनोबतवर फाटलं. सकाळी स्वप्नील सर फोनवर नाचत होते. 'ताई! लोक तुमच्या नावाने खडे फोडतायत! चॅनल खूश! बदली कॅन्सल!' मी म्हटलं, खरंच खडे फोडतायत? शपथ घ्या! म्हणाले, 'एका आजोबांनी टीव्हीला चप्पल मारली!' अहो, त्या आजोबांचे पाय धरावेसे वाटले मला. आभारी आहे, मनापासून आभारी आहे!

मग मी आईंच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, आई, तुमच्यामुळे काम वाचलं माझं. आणि खरं सांगते, ती भाकरी खरी होती, पण मी प्रत्येक वेळी तिला नमस्कार केलाय, सरांना विचारा हवं तर. आईंनी माझ्याकडे बघितलं, तोंडावरून हात फिरवला, डोळे भरलेले. म्हणाल्या, 'तू केलंस गो बाय. माका ठाऊक आसा तू केलंस.' मला हुंदकाच आला. आणि मग म्हणतात, 'पण तिना खंय केल्यान?'

झालं! तेव्हापासून आमच्या घरात दोन बायका राहतात, एक सून आणि एक ती जेलरबाई. शूटिंग लवकर सुटून मी साडेआठच्या आत घरी आले, तर अर्धा तास मला या घरात कोणी ओळखत नाही. मालिका चालू असते, आई एक डोळा टीव्हीवर आणि एक माझ्यावर ठेवून बोटं मोडत असतात. पाणी मागितलं तर, 'जेलात नाय काय पाणी?' आमचे हे मुकाट भिंतीकडे बघतात, मध्ये पडायची टाप नाही. आणि नऊ वाजले, शेवटची पाटी पडली, की आई उठतात, ताट वाढतात, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवतात आणि म्हणतात, 'इलंस गो? दमलंस? जेव हां पोटभर.' मी जेवते. बोटं झडायचा शाप आणि लोणी, दोन्ही एकाच हातचं, आणि दोन्ही मनापासून! नशीब लागतं हो अशी सासू मिळायला, चेष्टा नाही करत, खरंच लागतं.

आणि आज सकाळी परत सरांचा फोन! आवाज आनंदाने फाटलेला. 'ताई, अभिनंदन! लोकांना तुमचा एवढा राग येतोय, एवढा राग येतोय, की सोमवारपासून मालिका रोज एक तास!'

...आभारी आहे. मनापासून आभारी आहे. सोमवारपासून मी साडेनऊला जेवते.