गेणबांची जीप डिझेल का पीत होती

शिरूरच्या गॅरेजात गौतमी स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसली होती. कवठे येमाईचे गेणबा आपली जीप घेऊन आले होते, बरोबर बायको अनसाबाई.

"महेंद्र, लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी नवावर आलीय. आज दोष घावला न्हाई तर इकून टाकतो," गेणबा मेकॅनिकला म्हणाले.

"आप्पा, फिल्टर साफ हाय, ब्रेक मोकळे हायेत. पण हा फोर व्हीलचा दांडा ओढलेला का? चारी चाकं जोर लावत्यात, मग डिझेल जाणारच."

"मी त्याला हातबी लावत न्हाई."

"म्या ओढला," अनसाबाई म्हणाली. "ओल्या रानात चाकं रुतली तवा. परत ढकलायचा राहून गेला."

"तू गाडी चालवतीस?"

"दुपारी तुमचा डोळा लागला की. दोन महिनं झालं."

"शिकवलं कुणी?"

"आपल्या सुनंनं."

"आन् रुतलेली गाडी एकटीनं काढलीस?"

"व्हय."

"महेंद्र, तिथंच मला गेल्या साली ट्रॅक्टर बोलवावा लागला हुता."

गौतमीला हसू आवरेना. महेंद्रने दांडा जागेवर ढकलला आणि चावी गेणबांपुढे धरली.

"तिला दे. अनसा, बाजारातनं जरा दमानं काढ."

आणि गेणबा वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले.