बाकावरचा पंचा

तुम्ही सुट्टीचं काढलंत म्हणून सांगतो. मी तेव्हा जर्मनीत, कार्ल्सरूहेला मुलाकडे राहायला होतो. हिला विमानाची धास्ती, म्हणून ती गुहागरलाच राहिली.

मुलगा-सून मॉरिशसला आराम करून आले. मी विचारलं, "मग, काय शिकून आलात?"

सून हसली. "बाबा, एकच गोष्ट. तिथे आलेले जर्मन लोक पहाटेच उठून समुद्राकाठच्या खुर्च्यांवर आपले टॉवेल टाकून ठेवतात. मग दिवसभर ती खुर्ची त्यांची. आम्ही आधी वाळूतच बसलो, मग आम्हीही टॉवेल टाकायला लागलो."

"आणि कोणी उचलत नाही?"

"छे! टॉवेल आहे म्हणजे माणूस येणार."

"गेनाऊ!" मुलगा म्हणाला. अगदी बरोबर, असं म्हणायचं असलं की तिकडे हे म्हणतात.

मग फोटो दाखवले. समुद्र थेट आमच्या ओटीवरून दिसतो तसा. मला पुढचे बघवेनात.

रविवारी फोनच्या कार्डावरचा नंबर खरवडून हिला फोन लावला. आमचं बोलणं म्हणजे गाय, नारळ, पाऊस. आठवण येते, असं आम्ही दोघांनी जन्मात कधी म्हटलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी गमतीत म्हटलं, "अगं, ओटीवरच्या माझ्या बाकावर एक टॉवेल टाकून ठेव. नाहीतर कोणीतरी जागा घेईल."

ती म्हणाली, "अहो, जाताना तुमचा पंचा बाकावर राहिला ना, तो मी अजून उचललेला नाही. भावोजी आले तरी त्यांना चटई घालते."