मागच्या खिडकीचे नागोभाऊ

सभापती महोदय, डॉक्टरसाहेब, आणि उन्हात बसलेल्या माझ्या भावांनो, बायांनो,

मला भाषण येत नाही. पण बोलेन. नागोभाऊ कंपाउंडर जाऊन आज पाच दिवस झाले. आपण त्यांच्याच दवाखान्याच्या अंगणात बसलो आहोत.

माझ्या आधी चौघे बोलले. चौघांनीही त्यांना देवमाणूस म्हटलं. ते होते तेव्हा हीच मंडळी त्यांना 'मागच्या खिडकीचा डॉक्टर' म्हणून हसत होती. आज हार मोठा आणला आहे. छान आहे हार.

ती खिडकी कशासाठी होती, ते मात्र कोणी सांगितलं नाही. मी सांगते.

इथे चिठ्ठी दहापर्यंतच मिळते. नदीपलीकडचा पहिला डोंगा या काठाला अकराला लागतो. हे साहेबांना माहीत आहे, शिपायाला माहीत आहे. वेळ काही बदलली नाही.

माझ्या मालकांना मिरगी होती. रोज गोळी घेतली की झटका येत नसे. एकदा ते डोंग्यानं आदल्या दिवशीच इथे मुक्कामाला आले आणि सकाळी रांगेत पहिले उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "काय होतंय?"

"आता काई नाई होत, साहेब. गोळ्या सरल्या."

"मग आलास कशाला? झटका आला की ये."

झटका आला. धानाच्या बांधीत आला, चिखलात तोंड खाली. मग ते आलेच नाहीत.

साहेब, खाली बघू नका. मी रडत नाही आहे.

तेरवीनंतर नागोभाऊ माझ्या दारात आले. म्हणाले, "बाई, साहेबानं परत धाडलं तेव्हा मी तिथीच उभा होतो. बोललो नाई." बसलेही नाहीत. त्यानंतर त्यांनी दहानंतर येणाऱ्यांसाठी मागची खिडकी उघडली. औषध साहेबांनीच लिहिलेलं, फक्त पुन्हा द्यायचं. ज्याचं औषध जन्मभराचं, त्याच्या डबीला दोरा. जितक्या दिवसांच्या गोळ्या, तितक्या गाठी. रोज एक सोडायची. "शेवटची गाठ सुटली का ये. बरं वाटते म्हणून घरी बसू नोको. बरं वाटते ते गोळीनंच."

एवढी साधी गोष्ट. शिकलेल्यांना सुचली नाही. मी पुड्यांवरची अक्षरं लावत घरीच वाचायला शिकले, मलाही ती कळते.

आणि आज दवाखान्याला कुलूप. काऊन? तर म्हणे दुखवटा. नागोभाऊंचा दुखवटा, आणि नागोभाऊंचेच रोगी बाहेर!

जरा माना वळवा. खिडकीखाली गिरजा बसली आहे, पलीकडच्या गावची. तिलाही मिरगी. तिच्या दोऱ्याला एकही गाठ उरलेली नाही. मघाशी मला म्हणाली, "भाऊ गेले, ठाऊक आहे मले. पन दोरा सरला बाई, मी कुठी जाऊ?"

तिला काय सांगू? झटका आला की ये?

सभापती म्हणतात, दोन मिनिटं उभं राहायचं. राहू. साहेब, तुम्ही मात्र इथे उभे राहू नका. किल्ली तुमच्या खिशात आहे. तुम्ही चला. आम्ही सगळे गप्प राहतो. कुलूप निघाल्याचा आवाज गिरजेपर्यंत गेला पाहिजे.

समोरचं दार, साहेब. खिडकी नाही.

नागोभाऊ, तुम्हाला नमस्कार. उठा सगळे. आणि मधून वाट सोडा.